किनाऱ्याच्या पाण्यातील प्राणिप्लवक आणि बदलते हवामान

डिचोली तालुक्यातील शिरगाव हे गाव समुद्रकिनाऱ्यावर वसलेले नाही. वैशाख शुद्ध पंचमीस भरणारी श्री लईराई देवीची जत्रा आणि लोहखनिजाच्या खाणी ह्यांमुळे ते सर्वांस परिचित आहे. जत्रेपूर्वी व्रतस्थ धोंड मासळी वर्ज्य करतात. व्रताची सांगता झाली म्हणजे गोमंतकीय घरातील नित्याचे जेवण, अर्थात भात आणि मासळीचे हुमण, पुन्हा सुरू होते. हुमणातील बांगडा समुद्रातून आला हे घरातील लहान मूलही सांगू शकेल. परंतु त्या बांगड्याने स्वतः काय खाल्ले होते, असा प्रश्न केल्यास मोठी माणसेही क्षणभर निरुत्तर होतील. ह्या प्रश्नाचे उत्तर देणे, आणि त्या बांगड्याच्या अन्नावर तापत्या हवामानाचा कोणता परिणाम होतो हे समजावून सांगणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय केवळ किनाऱ्यावरच्या लोकांचा आहे असे कोणी समजू नये. शिरगावच्या डोंगरउतारावर पडणारा पाऊस ओहोळ-नाल्यांनी मांडवीच्या खोऱ्यात उतरतो आणि अखेर खाऱ्या पाण्यास मिळतो. लोकश्रद्धेनुसार शिरगावची लईराई आणि पेडणे तालुक्यातील मोरजीची मोरजाई ह्या बहिणी होत. डोंगराकडील आणि किनाऱ्याकडील गावांचे नाते लोकांनी अशा रीतीने फार पूर्वीच ओळखले आहे. विज्ञानही त्याच नात्याकडे वेगळ्या वाटेने येते.

प्लवक म्हणजे काय?

पाण्याच्या प्रवाहाविरुद्ध पोहण्याइतके बळ ज्यांच्या अंगी नसते आणि जे प्रवाहाबरोबर वाहत राहतात, अशा जीवांस प्लवक म्हणतात. त्यांचे दोन मुख्य वर्ग आहेत. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने स्वतःचे अन्न तयार करणारे ते वनस्पतिप्लवक आणि त्यांना किंवा एकमेकांना खाऊन जगणारे ते प्राणिप्लवक. शेतीच्या भाषेत सांगावयाचे तर वनस्पतिप्लवक हे समुद्राच्या कुरणातील गवत होय आणि प्राणिप्लवक ही त्यावर चरणारी गुरे होत.

प्राणिप्लवकांत अनेक प्रकारचे जीव येतात. काही जन्मभर प्लवकच राहतात. कोळंबी, खेकडे, कालवे आणि बहुतेक मासे ह्यांची पिल्ले मात्र आयुष्याचे पहिले काही दिवस किंवा आठवडे प्लवक म्हणून काढतात आणि नंतर तळाशी किंवा खुल्या पाण्यात जातात. म्हणजे आज हाताएवढी दिसणारी कोळंबी एके काळी सुईच्या टोकाएवढी होऊन भरती-ओहोटीबरोबर हेलकावे खात होती.

ह्या सर्वांत संख्येने सामान्यतः सर्वाधिक आढळणारा गट म्हणजे कोपेपॉड किंवा अरित्रपाद. हे कोळंबीच्या दूरच्या नात्यातील कवचधारी प्राणी असून त्यांतील बहुसंख्यांची लांबी एक-दोन मिलिमीटरांहून अधिक नसते. आपल्या वाचकांना ह्या गटातील एक प्राणी नावाने तरी ठाऊक असेल. नारू रोगाचे जंतू ज्याच्या शरीरात वाढत असत, तो गोड्या पाण्यातील सायक्लॉप्स हा कोपेपॉडच होय. पिण्याचे पाणी दुहेरी फडक्याने गाळावे, हा जो उपदेश गावोगाव केला गेला, तो ह्याच प्राण्यास वगळण्यासाठी होता. भारतात नारूचा अखेरचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. फडक्यात अडकणाऱ्या एवढ्याशा जीवाचे ज्ञान किती उपयोगी पडते, ह्याचे हे उत्तम उदाहरण आहे. सायक्लॉप्सचे खाऱ्या पाण्यातील भाऊबंद मात्र आपले शत्रू नसून अन्नदाते आहेत. बांगडा आपल्या कल्ल्यांतील दाट काट्यांच्या चाळणीने पाणी गाळून त्यांना खातो. तारलीच्या आहारात वनस्पतिप्लवक आणि प्राणिप्लवक दोन्ही असतात.

गोव्याच्या पाण्याचे वर्षचक्र

गोव्याच्या नदीमुखांत पाण्याचा स्वभाव वर्षभर एकसारखा राहत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मांडवी व जुवारी ह्यांच्या मुखातून समुद्राचे खारे पाणी भरतीबरोबर दूर आतपर्यंत शिरते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की नद्या दुथडी भरून वाहू लागतात आणि वरच्या थरातील पाणी जवळजवळ गोडे होते. खारेपणातील हा चढउतार सोसणे सर्व प्राण्यांना शक्य नसते. म्हणून पावसाळ्यात खाऱ्या पाण्यातील जाती समुद्राकडे मागे सरतात आणि गोडे पाणी मानवणाऱ्या जाती पुढे येतात. पाऊस ओसरला की समुद्री जाती परततात. काही कोपेपॉडांची अंडी प्रतिकूल काळात तळाच्या गाळात पडून राहतात आणि अनुकूल दिवस आल्यावर फुटतात. जमिनीत पडलेले बियाणे मृगाची वाट पाहते, तसाच हा प्रकार आहे.

ह्याच काळात बाहेर समुद्रातही मोठी घडामोड होत असते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत खालचे थंड पाणी वर येते. ते नायट्रेट, फॉस्फेट आदी पोषक द्रव्यांनी समृद्ध असल्याने वनस्पतिप्लवकांचे भरघोस पीक येते, त्यावर प्राणिप्लवक वाढतात आणि त्यांवर मासे पोसतात. परंतु ह्या वर येणाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. त्यावर नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर झाकणासारखा पसरतो आणि वरच्या हवेशी त्याची सरमिसळ होऊ देत नाही. वरून पडणारे मृत प्लवक तळाशी कुजतात व उरलासुरला प्राणवायूही खर्ची पडतो.

दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली. ह्या संस्थेचे शास्त्रज्ञ कांदोळीसमोरील एका ठराविक ठिकाणी १९९७ पासून पाण्याचे निरीक्षण करीत आले आहेत. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या सुमारापर्यंत तेथे तळाजवळच्या पाण्यातील प्राणवायू अत्यंत कमी होतो, प्रसंगी तो संपून गंधकयुक्त दुर्गंधी वायू तयार होतो, असे त्यांच्या निरीक्षणांतून दिसून आले. पश्चिम किनाऱ्यावरील ही अवस्था तीव्र होत असल्याचा निष्कर्ष २००० साली जगापुढे मांडण्यात आला. प्राणवायूची ही हंगामी टंचाई मूलतः नैसर्गिक आहे. तिची तीव्रता वाढणे हा मात्र चिंतेचा विषय आहे.

समुद्र किती तापला?

पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तयार झालेला केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाचा हवामानबदलविषयक अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९५१ ते २०१५ ह्या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरी १ अंश सेल्सिअसने वाढले. त्याच काळात जगातील सर्व समुद्रांची सरासरी वाढ ०.७ अंश होती. म्हणजे आपला महासागर इतरांपेक्षा अधिक वेगाने तापला आहे.

एक अंश ही वाढ किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु माणसाच्या शरीराचे तापमान एका अंशाने वाढले तर आपण त्यास ताप म्हणतो, हे ध्यानात घ्यावे. शिवाय प्राणिप्लवकांस शरीराचे तापमान राखण्याची सोय नसते. पाणी जेवढे ऊन, तेवढेच त्यांचे शरीर ऊन.

उष्णतेचे परिणाम

पहिला परिणाम शरीरक्रियांवर होतो. तापमान दहा अंशांनी वाढले तर शीतरक्ती प्राण्यांच्या शरीरक्रियांचा वेग साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो, असा जीवशास्त्रातील स्थूल नियम आहे. ऊन पाण्यात कोपेपॉड लवकर प्रौढ होतो, परंतु आकाराने लहान राहतो. त्यास अधिक अन्न लागते आणि मिळालेल्या अन्नातील मोठा भाग केवळ जगण्यातच खर्च होतो. माशाच्या दृष्टीने पाहता, तेवढेच पाणी गाळून हाती लागणारा घास लहान होतो.

दुसरा परिणाम प्राणवायूशी संबंधित आहे. पाणी जितके ऊन, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. एक लिटर गोड्या पाण्यात २५ अंशांवर सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तर ३० अंशांवर सुमारे ७.६ मिलिग्रॅमच राहतो. म्हणजे गरज वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो. अनेक प्राणिप्लवक दिवसा मत्स्यशत्रूंपासून लपण्यासाठी खोल अंधाऱ्या पाण्यात उतरतात आणि रात्री चरण्यासाठी वर येतात. खालचे पाणी प्राणवायूविना निरुपयोगी झाले तर त्यांना दिवसाही वरच्या प्रकाशित थरात दाटीवाटीने राहावे लागते आणि ते शत्रूच्या दृष्टीस सहज पडतात.

तिसरा परिणाम पाण्याच्या थरांवर होतो. वरचे पाणी तापून हलके झाले की ते खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही आणि खालची पोषक द्रव्ये वर येण्यास अडथळा होतो. पश्चिम हिंदी महासागरात मागील सहा दशकांत वनस्पतिप्लवकांत २० टक्क्यांपर्यंत घट झाली असावी, असे पुणे येथील संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात म्हटले आहे. ह्याउलट, १९९७ ते २००४ ह्या अल्प काळातील उपग्रहनिरीक्षणांवरून पश्चिम अरबी समुद्रात वनस्पतिप्लवक वाढल्याचा निष्कर्ष २००५ साली काढण्यात आला होता. दोन अभ्यासांतील हा फरक पाहून विज्ञानावर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही. निरीक्षणाचा काळ आणि प्रदेश बदलला की चित्र बदलते. म्हणूनच निरीक्षणे दीर्घकाळ आणि सातत्याने करावी लागतात.

चौथा परिणाम पावसाच्या लहरीपणातून होतो. वर उल्लेखिलेल्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ ह्या काळात देशाचा नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला आणि ही घट ज्या भागांत ठळकपणे दिसली त्यांत पश्चिम घाटाचाही समावेश आहे. दुसरीकडे, थोड्या वेळात कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग मध्य भारतात वाढले. नदीमुखातील प्राणिप्लवकांचे जीवनचक्र पावसाच्या वेळापत्रकाशी बांधलेले असते. पाऊस उशिरा आला, मध्येच खंडला किंवा एकदम कोसळला, तर पाण्याचा खारेपणा अवेळी बदलतो आणि तळातील अंडी फुटण्याचा व पिल्लांना अन्न मिळण्याचा मेळ बिघडू शकतो.

संख्या नव्हे, जाती बदलतात

येथपर्यंतच्या विवेचनावरून प्राणिप्लवक नाहीसे होतील असा समज होणे साहजिक आहे. परंतु खरा धोका निराळा आहे. समुद्र रिकामा राहत नाही. एक जीव मागे हटला की दुसरा त्याची जागा घेतो. प्रश्न असा की, नवा आलेला जीव माशाच्या उपयोगी पडतो की नाही?

उत्तर समुद्राचे उदाहरण ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. व्यापारी जहाजांच्या मागे एक साधे यंत्र बांधून प्लवक गोळा करण्याची पद्धत तेथे १९३१ पासून चालू आहे. त्या दीर्घ नोंदींवरून असे आढळले की, १९६० नंतरच्या चार दशकांत ऊन पाण्यातील काही कोपेपॉड सुमारे दहा अक्षांश उत्तरेकडे सरकले आणि थंड पाण्यातील पूर्वीचा मुख्य कोपेपॉड मागे हटला. पूर्वीचा वसंतात विपुल असे, तर त्याच्या जागी आलेला उन्हाळ्याच्या अखेरीस वाढतो. कॉड माशाच्या पिल्लांना ज्या वेळी अन्न हवे, त्या वेळी ते पुरेसे राहिले नाही. पंगत बसली, परंतु वाढपी उशिरा आला, अशी त्या पिल्लांची स्थिती झाली.

अरबी समुद्रातील उदाहरण नॉक्टिल्युका ह्या एकपेशीय जीवाचे आहे. रात्री लाटा फुटताना निळसर प्रकाश चमकतो, त्यामागे बहुधा हाच जीव असतो. उत्तर अरबी समुद्रात त्याचा हिरवा प्रकार चालू शतकाच्या आरंभापासून हिवाळ्यात मोठ्या प्रमाणावर पसरू लागला. त्याच्या पेशीत सूक्ष्म हिरवी शैवले राहतात. त्यामुळे तो स्वतः अन्न तयार करतो आणि शिवाय डायाटमसारखे वनस्पतिप्लवकही खातो. कमी प्राणवायूचे पाणी त्याच्या पथ्यावर पडते, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. बहुतेक कोपेपॉड त्यास खात नाहीत. त्याचा फडशा पाडतात ते मुख्यतः जेलीफिशसारखे बुळबुळीत, पाणीदार प्राणी, आणि त्यांना खाणारे मासे थोडे असतात. अशा रीतीने गवत, गुरे आणि दूध ही साखळी मध्येच वळण घेते व ताटापर्यंत पोहोचत नाही.

मासळीवरून निष्कर्ष काढताना

ह्याचा मासेमाऱ्याच्या जीवनाशी संबंध स्पष्ट आहे. रापण ओढणाऱ्यांचा मुख्य आधार म्हणजे किनाऱ्याजवळ थव्याने येणारे बांगडे आणि तारली. आपल्या किनाऱ्याच्या दक्षिणेस केरळमध्ये तारलीचे उत्पन्न २०१२ साली सुमारे ३ लाख ९० हजार टन होते, ते २०२१ साली सुमारे ३ हजार ३०० टनांवर आले आणि त्यानंतर पुन्हा सावरले. अशा उलथापालथीमागे समुद्राचे तापमान, पाऊस आणि अन्नाची उपलब्धता ही कारणे असतात, तशीच अतिरिक्त मासेमारीही असते. तारलीचे उत्पन्न पूर्वीही, १९४०च्या दशकात, एकाएकी घटले होते. म्हणून एका वर्षी मासळी आली नाही की लगेच हवामानास दोष देणे, किंवा पुढच्या वर्षी ती आली की सर्व काही ठीक आहे असे मानणे, ही दोन्ही टोके टाळली पाहिजेत.

आपल्या हाती काय आहे?

समुद्र तापण्याचे मूळ कारण जगभर जाळले जाणारे कोळसा व खनिज तेल हे आहे आणि त्यावर एकट्या गावाचा इलाज चालणार नाही. परंतु आजारी माणसास ताप असताना शिळे अन्न घालू नये, एवढे तरी घरच्यांच्या हाती असते. तापत्या पाण्यावर आपण जो अधिक भार टाकतो, तो कमी करणे शक्य आहे.

सांडपाणी आणि शेतातून वाहून जाणारे खत ह्यांमुळे पाण्यात पोषक द्रव्ये फाजील वाढतात, अनिष्ट प्लवक माजतात आणि ते कुजताना प्राणवायू खातात. म्हणून खत हप्त्याहप्त्याने व पावसाचा अंदाज पाहून द्यावे आणि सांडपाणी शुद्ध केल्याविना ओहोळात सोडू नये. खाणीच्या परिसरातील सैल माती पावसाबरोबर वाहून गेली की पाणी गढूळ होते, प्रकाश आत शिरत नाही, वनस्पतिप्लवकांची वाढ खुंटते आणि पाणी गाळून खाणाऱ्या जीवांच्या चाळण्या भरून जातात. डिचोली तालुक्यात २०२४ पासून खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे. मातीचे ढीग झाडोऱ्याने बांधून ठेवणे आणि गाळ साठविण्याच्या तळ्यांची पावसापूर्वी सफाई करणे, ह्या गोष्टींकडे ग्रामस्थांनी व अधिकाऱ्यांनी लक्ष पुरविणे म्हणूनच अगत्याचे आहे.

खारफुटीची वने गाळ अडवितात आणि कोळंबी व माशांच्या पिल्लांना आसरा देतात. चोडण बेटावरील सलीम अली पक्षी अभयारण्यात त्यांचे उत्तम दर्शन घडते. तसेच १ जून ते ३१ जुलै ह्या ६१ दिवसांची मासेमारीबंदी ही अनेक माशांच्या प्रजननकाळाशी निगडित असल्याने तिचे पालन हे कायद्याच्या धाकापेक्षा समजुतीने व्हावे.

शिक्षकांसाठी एक उपक्रम

प्राणिप्लवक पाहण्यास महागडी साधने लागत नाहीत. सुमारे २० सेंटिमीटर व्यासाच्या तारेच्या कड्यास मलमलीची शंकूच्या आकाराची पिशवी शिवावी आणि तिच्या निमुळत्या टोकास लहान बाटली बांधावी. गावच्या तळ्याच्या किंवा खाडीच्या काठावरून मोजून दहा बादल्या पाणी पिशवीतून ओतावे. बाटलीतील पाणी पांढऱ्या ताटलीत घेऊन भिंगाने पाहावे. झटके देत पुढे जाणारे ठिपके हे बहुधा कोपेपॉड असतील. सायक्लॉप्सच्या मादीच्या शेपटीजवळ अंड्यांच्या दोन पिशव्या दिसतात.

प्रत्येक वेळी दिनांक, तिथी, पाण्याचे तापमान, मागील आठवड्यातील पाऊस आणि दिसलेल्या जीवांची अंदाजे संख्या वहीत नोंदवावी. तिथी एवढ्यासाठी की, पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास भरती मोठी असते. खारेपणाचा अंदाज घेण्यासाठी एक लिटर पाण्याचे वजन करावे. गोड्या पाण्याचे वजन सुमारे १,००० ग्रॅम, तर समुद्राच्या पाण्याचे सुमारे १,०२५ ग्रॅम भरते. हा उपक्रम शिक्षकांच्या देखरेखीखाली, सुरक्षित काठावरूनच करावा. पाण्याने भरलेल्या खाणींच्या खंदकांकडे मुलांना कदापि नेऊ नये. पुराच्या दिवसांत नोंद चुकली तरी चालेल.

एका महिन्याच्या नोंदीने काहीच सिद्ध होणार नाही. पाच वर्षांच्या नोंदींवरून मात्र आपल्या तळ्यात किंवा खाडीत कोणता जीव कोणत्या महिन्यात येतो, हे गावास कळू लागेल. उत्तर समुद्रातील बदल जगास कळला, तोही अशाच चिकाटीने ठेवलेल्या नोंदींमुळे. शिरगावच्या शाळेतील वही आणि मोरजीच्या शाळेतील वही शेजारी शेजारी ठेवल्या, तर डोंगरावरील पावसाचे समुद्रात पुढे काय होते, हे मुलांना पुस्तकाविना उमगेल. बांगड्याने काय खाल्ले होते, ह्या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देणारी मुले गावोगावी तयार झाली, तर त्या अन्नाची काळजी वाहणारी माणसेही त्यांतूनच निर्माण होतील.